पुढं इन्व्हर्टर, मागं गाडी: कळंब्यातल्या एका घराचं वळवाच्या रात्रीचं प्रकरण

वीज गेली की इलेक्ट्रिक गाडीवर घर चालवता येतं, असं हल्ली शोरूमवालेही सांगतात आणि शेजारीपाजारीही. ते खोटं नाही. पण घर चालणं वेगळं आणि आजारी माणूस असलेलं घर रात्रभर बिनघोर चालणं वेगळं. कोल्हापूरच्या कळंबा रोडच्या पुढच्या एका घरात या दोहोंमधलं अंतर कसं भरून काढलं, त्याची ही हकीकत. मी परवानाधारक वायरिंग कंत्राटदार आहे. घरच्यांना विचारून लिहितोय, नावं मुद्दाम टाकलेली नाहीत.

घर बैठं, वर एक खोली, पुढे पत्र्याचं पोर्च. काका निवृत्त शिक्षक. काकू, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला जाणारा मुलगा, सून, आणि काकांच्या आई, ज्यांना अख्खी गल्ली आज्जीच म्हणते. आज्जींचं फुप्फुसाचं दुखणं जुनं आहे. घरी पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं मशीन आहे, डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटरवर ठेवायला सांगितलाय, आणि जेवणखाण-अंघोळ सोडली तर तो चालूच असतो. बाकी सामान कुणाच्याही घरी असतं तसंच: ९०० व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर, त्याला १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी, गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर, हौदातलं पाणी वर चढवायला एक एचपीचा पंप. आणि गेल्या वर्षी घेतलेली ४५ किलोवॅट-तास बॅटरीची इलेक्ट्रिक एसयूव्ही, जिच्यातून २३० व्होल्टचा करंट बाहेर घेता येतो.

या सोयीला सगळे व्ही-टू-एल (व्हेइकल टू लोड) म्हणतात. आपल्याकडे सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या टाटाच्या नव्या नेक्सॉन ईव्हीपासून ही गोष्ट मध्यमवर्गीय पोर्चपर्यंत पोचली. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या ह्युंदाईच्या आयोनिक ५ मध्ये होती, पण ती गाडी कळंब्यात कोण घेणार! चार्जिंगच्या तोंडात एक अडॅप्टर बसवायचा, त्याच्या दुसऱ्या टोकाला १५ अँपिअरचं सॉकेट. या गाडीला कमाल ३.३ केव्हीए, म्हणजे साधारण १४ अँपिअर. गाडीच्या पडद्यावर 'इतके टक्के उरले की बंद' अशी मर्यादा घालता येते. बस, एवढंच. घराशी तिचा याहून जास्त संबंध कंपनीनेही गृहीत धरलेला नाही, आणि सगळी गोम तिथंच आहे.

परदेशातल्या ज्या गोष्टी आपण ऐकतो त्या वेगळ्या यंत्रणेच्या असतात. जपानमध्ये २०११ च्या भूकंपानंतर निस्सानने २०१२ साली लीफ गाडीवरून घराला ६ किलोवॅट देणारी व्यवस्था आणली. अमेरिकेत २०२२ पासून फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंग ट्रकवरून ९.६ किलोवॅटपर्यंत घराला मिळतात. पण तिथं भिंतीवर एक खास पेटी असते. ती आधी बाहेरची लाइन तोडते आणि मगच गाडीचा करंट घरात सोडते. इथं मिळतं ते गाडीवरचं एक सॉकेट. ती पेटी आपली आपण, शहाणपणाने उभी करायची असते.

पहिली रात्र

मे २०२५ आठवा. मान्सून केरळात २४ मेलाच दाखल झाला होता आणि त्याच्याही आधीपासून वळवाने आपल्या भागात धुमाकूळ घातला होता. दुपारी उकडून निघायचं, चारनंतर भरून यायचं, आणि पाऊस राहिला बाजूला, आधी वारं सुटायचं. अशाच एका संध्याकाळी काकांच्या गल्लीच्या तोंडाशी झाड आडवं झालं आणि तारा घेऊन खाली आलं. काळोखात, पावसात खांबावर चढून काम होणार नव्हतं, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

इन्व्हर्टरवर तेव्हा कॉन्सन्ट्रेटर होता, दोन जुने पंखे, दिवे आणि राउटर. कॉन्सन्ट्रेटर ३५० वॅट, पंखे ७५ चे दोन, बाकी मिळून पन्नास. झाले साडेपाचशे वॅट. बॅटरी कागदावर १५० एएच गुणिले १२ व्होल्ट, म्हणजे १८०० वॅट-तासांची. पण ट्युब्युलर बॅटरीवर लिहिलेले एएच हे वीस तासांत हळूहळू काढले तर मिळतात. दोन-तीन तासांत ओरबाडले तर दोन तृतीयांश हाती येतात, त्यातले थोडे इन्व्हर्टर स्वतः खातो. म्हणजे दोन तास, फार तर सव्वादोन. वीज साडेसातला गेली, पावणेदहाला इन्व्हर्टर ओरडायला लागला.

मुलाने तेव्हा जे केलं ते बरोबरच केलं. गाडी पोर्चमध्ये घेतली, अडॅप्टर लावला, खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड आत ओढला आणि कॉन्सन्ट्रेटर थेट त्यावर लावला. फ्रिजही लावला. आज्जींनी खिडकीतून आलेली वायर बघितली आणि विचारलं, "म्हंजे आता माजा श्वास गाडीच्या पेट्रोलवर व्हय रे?" नातू म्हणाला, "पेट्रोल न्हाई आज्जी, करंटवर." त्यावर आज्जींचं म्हणणं असं, की मग गाडी कुठं न्यायची न्हाई. पुढच्या सगळ्या आखणीत हे वाक्य आम्हाला नियम म्हणून धरावं लागलं.

रात्र निभावली. एक्स्टेंशन बोर्ड कोमट झाला होता, कारण बाजारू बोर्डाची वायर पाऊण किंवा एक चौरस मिलिमीटरची असते आणि यांनी तिचं वेटोळं तसंच ठेवलं होतं. वेटोळ्यात उष्णता अडकते. पण त्या रात्री त्याच्यावर पाचशे वॅटच होते, म्हणून निभावलं.

खरा धोका सकाळी आला. वीज अजून नव्हती. शेजारच्या एका जाणत्याने सुचवलं की खिडकीतनं वायरी कशाला ओढत बसताय, दोन्ही टोकांना पिन-टॉप लावलेली वायर करून घ्या, एक टोक गाडीला, दुसरं हॉलमधल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला. मेन पाडून ठेवला की अख्खं घर चालू. मुलाने वायर करूनही घेतली. काकांना काहीतरी खटकलं म्हणून त्यांनी मला फोन लावला: "जरा येऊन बघ बाबा, मला काय हे पटत नाही."

ती वायर का नको, ते सविस्तर सांगतो, कारण दर पावसाळ्यात कुणीतरी ती करतंच. पहिलं, तिचं एक टोक गाडीत असताना दुसऱ्या टोकाच्या पितळी पिना उघड्यावर जिवंत असतात. लहान मूल, ओला हात, संपलं. दुसरं, सगळी भिस्त मेन पाडण्यावर. ती पाडायची राहिली, किंवा काकूंनी 'लाइट आली का बघू' म्हणून वर केली, तर घरातला करंट उलटा खांबावर जातो. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे ४३३ करतो, तोच उलट्या बाजूने दिलं तर चढवतोही. गल्लीतल्या सगळ्या घरांचा भार एकदम आला तर गाडी ट्रिप होईल, हे खरं. पण वादळात तार नेमकी तुमच्या घराजवळ तुटलेली असते. तेव्हा भार नसतो, करंट तसाच तारेत राहतो, आणि वायरमन लाइन बंद आहे असं समजून त्या तारेला हात घालतो. तिसरं, गाडी जोडलेली असताना बाहेरची वीज आली तर दोन्हींचे व्होल्टेज एकमेकांशी जुळलेले नसतात. त्यात गाडीचा चार्जर जाण्याची शक्यता दाट, आणि त्याची किंमत वायरच्या किमतीत बसत नाही.

मी ती वायर मधोमध कापली. मुलाला राग आला असणार, पण बोलला नाही.

न्यूट्रलची भानगड

माझ्या मनात सरळ बेत होता. गाडी घराला जोडायचीच नाही, इन्व्हर्टरला जोडायची. इन्व्हर्टरची इनपुट पिन भिंतीतून काढून गाडीच्या वायरला लावली की इन्व्हर्टरला वाटतं वीज आली. तो बॅटरी चार्ज करायला लागतो आणि दिवे-पंखे-कॉन्सन्ट्रेटर गाडीवरून पुढे चालवतो. गाडी मध्येच बंद पडली तर डोळ्याचं पातं लवायच्या आत बॅटरीवर येतो. लाइन पुन्हा आली तरी तिचा आणि गाडीचा कुठंच संबंध येत नाही.

म्हणून इन्व्हर्टरची पिन भिंतीतून उपसली. आणि इन्व्हर्टर चालू, डिस्प्लेवर सगळं ठीक, वीज आल्यावर थोडीफार चार्ज झालेली बॅटरीही जिवंत, आणि घरातला एक दिवा लागेना.

जुन्या घरांत हे नेहमीचं आहे. इन्व्हर्टर बसवणारा आउटपुटची फेज तेवढी दिव्यांच्या सर्किटला देतो आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, घरचाच वापरतो, म्हणजे त्याची एक वायर वाचते. इन्व्हर्टरच्या आत इनपुटचा आणि आउटपुटचा न्यूट्रल एकच असतो, त्यामुळे पिन भिंतीत असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. पिन काढली की परतीची वाट तुटते. दिव्यापर्यंत फेज पोचते, पण तिथून इन्व्हर्टरकडे परतायला रस्ता नाही. असं घर थेट गाडीवर घ्यायचं म्हटलं तर गाडीचा न्यूट्रल घरच्या, पर्यायाने खांबावरच्या न्यूट्रलला बांधावा लागतो, आणि पुन्हा तेच दुखणं मागच्या दाराने आत येतं.

दुसरी गोष्ट मी मुलाला दाखवली, कारण त्याला विजेची हौस आहे. गाडीच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला. घरी एका भोकात पेटतो, दुसऱ्यात नाही. गाडीच्या सॉकेटमध्ये तो दोन्हीकडे मंद पेटला. मीटर लावला तर दोन भोकांमध्ये २३० व्होल्ट, पण गाडीच्या बॉडीपासून दोन्हीकडे साधारण निम्मे-निम्मे. याचा अर्थ गाडीचा करंट तरंगता आहे. त्याच्यातला कुठलाच धागा जमिनीला बांधलेला नाही, कारण गाडी स्वतःच रबरी टायरांवर उभी आहे. घरातल्या आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की लाइन पाडणाऱ्या स्विचचं, काम चालतं ते गळणारा करंट जमिनीतून परत जातो या भरवशावर. तरंगत्या पुरवठ्यात तो परतत नाही, आरसीसीबी गप्प बसतो. पहिला बिघाड झटका न देता निघून जातो आणि दुसऱ्या बिघाडाला काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून गाडीवर घालायची उपकरणं मोजकी, तीन पिनांची, धड वायरिंगवरची. यावर उपाय म्हणून काही मिस्त्री गाडीचा न्यूट्रल परस्पर अर्थिंगला बांधतात. ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नसेल तर करू नये. काही गाड्या ते सहन करत नाहीत आणि पुरवठाच बंद करतात.

काय केलं

पोर्चच्या भिंतीवर, पत्र्याच्या आत, कमरेच्या उंचीवर झाकणाचं निळं १६ अँपिअरचं इंडस्ट्रियल इनलेट बसवलं. पिना त्याच्या आत असतात, गाडीकडून येणाऱ्या वायरीच्या टोकाला सॉकेट असतं. म्हणजे जिवंत पिना कुणाच्या हाती लागण्याचा प्रश्नच मिटला. गाडीपासून तिथपर्यंत तीन कोअरची, अडीच चौरस मिलिमीटरची रबरी वायर, लागेल तेवढ्याच लांबीची. इनलेटपासून आत जिन्याखाली एक छोटा बोर्ड, आणि त्यावर तीन जागांचा डबल पोल चेंजओव्हर: एका बाजूला लाइन, मध्ये बंद, दुसऱ्या बाजूला गाडी. डबल पोल म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. बाजारात स्वस्तातला सिंगल पोल मिळतो आणि दुकानदार तोच पुढे करतो. तो इथं चालत नाही, वरची न्यूट्रलची भानगड ज्याने वाचली त्याला का ते सांगायला नको.

चेंजओव्हरच्या पुढे दोनच सर्किटं: एक इन्व्हर्टरच्या इनपुटला, एक स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या सॉकेटला. या दोन्हींचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रल बारपासून वेगळा काढला. इन्व्हर्टरच्या आउटपुटला स्वतःचा न्यूट्रल ओढला, आज्जींची खोली, हॉल आणि स्वयंपाकघरातला दिवा एवढ्यापुरता. भिंती न फोडता पीव्हीसी पट्टीतून नेला. दिसायला बरं नाही, सुनेने तोंड वाकडं केलं, पण काम चोख झालं. बोर्डात एक छोटा डिजिटल युनिट मीटरही घातला. तो नसता तर पुढचा हिशोब लिहिताच आला नसता.

कॉन्सन्ट्रेटर कुठं लावायचा यावर घरात वाद झाला. मुलाचं म्हणणं, गाडी ३.३ केव्हीए देते, ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर आज्जींचं मशीन कशाला, सरळ गाडीवर घेऊ. मी म्हटलं, नेमकं उलटं. गाडीचा पुरवठा ट्रिप झाला तर तो आपोआप परत येत नाही. बाहेर जाऊन, अडॅप्टर काढून, पुन्हा लावून, पडद्यावर पुन्हा चालू करावा लागतो. पहाटे तीनला, पावसात, हे कोण करणार? मशीन इन्व्हर्टरवर असलं तर गाडी गेली तरी दोन तास हातात आहेत. इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे म्हणून हे जमलं. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर कॉन्सन्ट्रेटरचा काँप्रेसर घुरघुरतो आणि तापतो, ते मी करू दिलं नसतं.

दोन जुने पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे पंखे लावले. सगळ्या कामातला सर्वांत कमी श्रमाचा आणि सर्वांत जास्त फायद्याचा भाग तो.

पंपाचं मात्र जमलं नाही. काकूंना पंप गाडीवर हवा होता, कारण महापालिकेचं पाणी हौदात येतं आणि वीज गेली की वर चढत नाही. एक एचपीचा पंप चालताना पाच-सहा अँपिअर घेतो, ते गाडीला जड नाही. पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट ओढतो, म्हणजे वीस ते तीस अँपिअर. गाडीची झेप चौदापर्यंत. प्रयोग म्हणून लावून बघितला: पंपाने एकदा 'हुं' केलं आणि गाडीने हात वर केले. आज्जींचं मशीन त्या वेळी इन्व्हर्टरवर होतं, त्याला पत्ताही लागला नाही. मुलाचा वाद तिथं मिटला. अर्ध्या एचपीचा पंप किंवा सॉफ्ट स्टार्टर हा मार्ग आहे, पण काकांनी साधा नियम केला: भरून आलं की आधी वरची टाकी भरून घ्यायची. हजार लिटर पाणी पाच माणसांना वादळाच्या रात्रीपुरतं काय, दुसऱ्या दिवशीही पुरतं.

सोलर असताना एवढा खटाटोप कशाला?

हा प्रश्न गल्लीतल्या प्रत्येकाने विचारला. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान, त्यामुळे कळंब्यात गच्च्यांवर पॅनेल दिसायला लागली. आणि लोकांची पक्की समजूत आहे की सोलर म्हणजे वीज जायची चिंता मिटली. लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं सोलर लाइन गेली की स्वतःहून बंद होतं, मग भर दुपारी ऊन का असेना. वायरमनच्या जिवासाठीच ते तसं बनवलेलं असतं.

इथं एक खोच आहे. सोलरचा इन्व्हर्टर आणि गाडी एकाच वायरिंगवर आले तर सोलरला गाडीच लाइन वाटू शकते, आणि तो तिच्यात करंट ढकलायला लागतो. व्ही-टू-एलचं सॉकेट करंट द्यायला आहे, घ्यायला नाही. म्हणून सोलर चेंजओव्हरच्या लाइनकडच्या बाजूलाच ठेवायचं, गाडीकडच्या नाही. आमच्या मांडणीत ते आपोआपच तसं आलं, कारण गाडीवर फक्त दोन सर्किटं आहेत. पण 'अख्खं घर गाडीवर' घेणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

दुसरी रात्र

काम होऊन फार दिवस झाले नव्हते, तोवर पुन्हा वारं सुटलं. या वेळी टाकी भरलेली होती. गडगडाट ऐकू आल्यावर चार्जिंगची गन काढून ठेवली होती, गाडी ८० टक्के होती. सातला वीज गेली. मुलाने वायर जोडली, पडद्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली, जिन्याखाली जाऊन चेंजओव्हर 'गाडी'वर फिरवला. इन्व्हर्टर एकदा टिक् करून लाइनवर आल्यासारखा झाला. काकू मालिका बघत होत्या, त्या उठल्याही नाहीत.

वीज दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आली. सोळा तास. गाडी ५३ टक्के.

हिशोब बघा. बोर्डातल्या मीटरवर जेमतेम आठ युनिट पडले होते. ते जुळतं: कॉन्सन्ट्रेटर ३५०, दोन नवे पंखे साठ, फ्रिज चालू-बंद धरून सरासरी पन्नास, दिवे-राउटर तीस, म्हणजे साधारण ४९० वॅट, सोळा तास. पण गाडीतून गेले २७ टक्के, म्हणजे ४५ पैकी बारा युनिटच्या वर. मग चार युनिट कुठं गेले? ते गाडीने स्वतः खाल्ले. व्ही-टू-एल चालू असताना गाडी झोपत नाही. तिचे कंट्रोलर जागे असतात, चार्जर डीसीचा एसी करताना तापतो, कुलंटचा पंप अधूनमधून फिरतो. सतत अडीचशे वॅट नुसता जागरणाचा खर्च.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत कामाचा आकडा हाच. आज्जींच्या मशीनसारखा सतत चालणारा भार असेल तर हा खर्च परवडतो, तिथं गाडीला पर्यायच नाही. पण समजा आज्जींचं मशीन नाही. मग रात्रीचा भार पंखे, एखादा दिवा आणि राउटर, म्हणजे शंभर-सव्वाशे वॅट. तेवढ्यासाठी गाडी रात्रभर जागी ठेवली तर घर एक युनिट वापरेपर्यंत गाडी दोन खाते. त्या घराला दीडशे एएचची बॅटरीच रात्रभर पुरते. गाडी सकाळी दोन-तीन तास लावली, फ्रिज गार करून घेतला आणि बॅटरीत थोडी भर घातली की झालं. अख्खी रात्र गाडीवर घर चालवल्याचे व्हिडिओ टाकणारे हे सांगत नाहीत.

गाडीची बॅटरी झिजण्याची भीती काकांना होती. बारा युनिट म्हणजे ही गाडी सरासरी ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर पळते, कोल्हापूरहून कराडला एकदा जाण्याइतकं. वर्षात वादळाच्या चार-सहा रात्री धरल्या तरी बॅटरीच्या दृष्टीने ते काहीच नाही.

तीस टक्क्यांच्या मर्यादेमागे मात्र विचार आहे. या घरात गाडी हीच ॲम्ब्युलन्स आहे. रात्री आज्जींना दवाखान्यात हलवायची वेळ आली तर तीस टक्क्यांत कोल्हापुरातल्या कुठल्याही दवाखान्यात जाऊन परत येता येतं, पुन्हा उरतंच. शून्यापर्यंत गाडी पिळून घर उजळवण्यात काही अर्थ नाही.

आणि मुलाची नोकरी? दुसऱ्या दिवशी वीज नसताना गाडी घेऊन गोकुळ शिरगावला जायचं म्हणजे आज्जींचा पुरवठा काढून न्यायचा. तो मोटारसायकलवर गेला, रेनकोट घालून. पावसाळ्यात वीज गेलेली असताना गाडी हलवायची नाही, हे आता घरात ठरलंय. आज्जींनी ते पहिल्याच रात्री ठरवलं होतं. शिवाय आज्जींच्या पलंगाशेजारी बी टाइपचा ऑक्सिजन सिलिंडर भरून ठेवलेला असतो. दीड हजार लिटर, दोन लिटरने साडेबारा तास. गाडी, इन्व्हर्टर, चेंजओव्हर यांतलं काहीही बिघडलं तरी त्याला करंट लागत नाही. तो महिन्यातून एकदा गेज बघून तपासायचं काम काकांकडे आहे.

महापुराचं काय

काकांचं घर उंचावर आहे, म्हणून वर लिहिलेलं सगळं वादळापुरतं आणि अशाच घरांपुरतं समजावं. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, आणि पूरभागातली वीज पाणी ओसरेपर्यंत आली नाही. अशा वेळी शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा किंवा दुधाळीच्या सखल बाजूला राहणाऱ्याने गाडीवर घर चालवायचा विचारच करू नये. पाणी इशारा पातळीकडे निघालं की आधी गाडी बाहेर काढायची, आणि आजारी माणूस त्याच गाडीत.

काकांसारख्या उंचावरच्या घरीही महापुरात २५ युनिटांचा साठा, म्हणजे ८५ वरून ३० टक्क्यांपर्यंतचा, दीड दिवसच पुरेल. मशीन, फ्रिज आणि गाडीचं जागरण धरून दिवसाला सोळा-सतरा युनिट लागतात. त्यापुढे शहराच्या ज्या भागात वीज आहे तिथल्या चार्जरवर जाऊन यायचं आणि तेवढा वेळ आज्जी इन्व्हर्टरवर, असं आम्ही कागदावर मांडून ठेवलंय. प्रसंग अजून आलेला नाही.

या कामाचा बोलबाला झाल्यावर राजारामपुरीतले एक गृहस्थ आले. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, खाली पार्किंगमध्ये तशीच गाडी, घरी तसाच कॉन्सन्ट्रेटर. त्यांना जिन्यातून वायर वर न्यायची होती. मी नाही म्हटलं. सामाईक जिन्यातून तीन मजले वायर, खाली कुणी लक्ष ठेवायला नाही, पार्किंगमध्ये पाणी साचतं आणि अडॅप्टर कुणीही उपसू शकतो. त्यांचा इन्व्हर्टर तसाच ठेवून ट्युब्युलरच्या जागी त्याला चालणारी लिथियमची मोठी बॅटरी बसवता येते का ते बघतोय, आणि सिलिंडर तेवढा आजच आणून ठेवा, असं सांगून पाठवलं.